डिंगी कशी निवडावी? ‘४ सीटर’ बोटीचा स्क्रीनशॉट आणि गंगथडीचा हिशेब

मोबाइल घेताना आपण काय काय बघतो? रॅम, प्रोसेसर, बॅटरी, कॅमेरा, शिवाय चार रिव्ह्यू आणि दोन व्हिडिओ. आता समजा, तुम्हाला बोट घ्यायची आहे. काय बघाल?

हसू नका. प्रश्न खरा आहे. वैजापूर तालुक्याच्या दक्षिण अंगाला गोदावरी आहे. आपल्याकडे तिला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात, आणि काठच्या पट्ट्याला गंगथडी. तिथल्या एका गावातल्या मित्रमंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागच्या पावसाळ्याआधी एक स्क्रीनशॉट आला. ऑनलाइन सेल, फुगवायची बोट, ‘४ सीटर’, सोबत पंप आणि दोन वल्ही फ्री. खाली मेसेज होता : “वर्गणीतले पैसे उरलेत. पुरासाठी घेऊन ठेवू का?” दहा मिनिटांत बावीस अंगठे. मग एकाने तो स्क्रीनशॉट मला पाठवला : “तू टेक्नॉलॉजीचं लिहितोस ना, बघ बरं, घ्यावी का?”

मला बोटीतलं काही कळत नव्हतं, म्हणून शोधायला बसलो. तेव्हा लक्षात आलं की या प्रश्नावर सगळ्यात जास्त डोकं चालवलंय ते शिडाच्या नौकेतून लांबच्या सफरी करणाऱ्यांनी. ते अशा छोट्या बोटीला ‘डिंगी’ म्हणतात. त्यांची निवडायची पद्धत कळली की स्क्रीनशॉटचं उत्तर आपोआप मिळतं. चला तर मग.

डिंगी म्हणजे नेमकं काय?

शिडाच्या मोठ्या नौकेच्या तळाला ‘कील’ असते, म्हणजे खाली दोन-तीन मीटर गेलेला जड पंखा. त्यामुळे ती उथळ पाण्यात येऊ शकत नाही. ती लांब खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहते. मग काठावर जायचं कसं? पिण्याचं पाणी, भाजी, गॅस, आजारी माणूस, सगळं न्यायचं-आणायचं कशातून? त्यासाठी सोबत ठेवलेली छोटी बोट म्हणजे डिंगी. आपल्या भाषेत सांगायचं तर हायवेपर्यंत एसटी, आणि फाट्यापासून गावात दुचाकी. डिंगी म्हणजे ती दुचाकी.

आपल्याकडची मोठी नावं घ्यायची तर कॅप्टन दिलीप दोंदे. नौदलाचा हा मराठी अधिकारी १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकटा निघाला आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. असं करणारा तो पहिला भारतीय. ५६ फुटांची ती नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या बोटयार्डात बांधली गेली. पुढे त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली.

याच टॉमींची २०१८ ची गोष्ट आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे. गोल्डन ग्लोब शर्यतीत, पर्थपासून सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवर, वादळात त्यांच्या नौकेची डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर मार लागला. उठताही येत नव्हतं. सॅटेलाइटवरून मजकूर पाठवणाऱ्या छोट्या यंत्रामुळे जगाला कळलं. भारत आणि ऑस्ट्रेलियाची विमानं आली, वरून घिरट्या घालून गेली. विमान समुद्रात उतरून माणूस उचलू शकत नाही ना! तीन दिवसांनी, २४ सप्टेंबरला, ‘ओसिरिस’ हे फ्रेंच जहाज पोहोचलं. पण एवढं मोठं जहाज उसळत्या लाटांत नौकेला खेटून उभं राहू शकत नाही. मधलं शेवटचं अंतर कापलं ते जहाजावरून सोडलेल्या छोट्या रबरी बोटींनी.

म्हणजे सॅटेलाइट, विमान, जहाज हे सगळं जमलं तरी शेवटचा टप्पा छोट्या बोटीचाच. पुरातही तसंच असतं. म्हणून ती निवडताना चूक परवडत नाही.

आधी स्वतःला चार प्रश्न विचारा

अनुभवी नौकावाले दुकानात जायच्या आधी चार गोष्टी कागदावर लिहितात.

१. कोण बसणार आणि सोबत काय असणार? फक्त माणसं मोजून चालत नाही. २० लिटर पाण्याचा कॅन म्हणजे २० किलो.

२. पाणी कसं आहे? बंदरातलं शांत, की लाटांचं, की वाहतं?

३. किती लांब जायचं? शंभर मीटर असेल तर वल्ही पुरतात. दोन किलोमीटर असेल तर इंजिन लागतं.

४. उचलणार कोण, ठेवणार कुठे? नौकेवर दोघंच असतील तर साठ किलोची बोट रोज डेकवर घेणं म्हणजे रोजची कंबरदुखी.

या चार उत्तरांवरून प्रकार ठरतो. किंमत आणि ऑफर त्यानंतर बघायची.

डिंगीचे प्रकार

• कडक डिंगी : लाकडाची किंवा फायबरची. वल्ह्याने मस्त चालते, दगडाला घासली तरी फुटत नाही. पण एका बाजूला दोघं गेले की कलते, आणि घडी होत नसल्याने जागा खाते.

• फुगवायची, मऊ तळाची : हवा काढली की गुंडाळून पिशवीत बसते. यात पुन्हा तळाचे प्रकार आहेत. पट्ट्यांचा तळ हलका पण लवचिक. प्लायवूड किंवा अ‍ॅल्युमिनियमचा तळ भक्कम पण जड. ‘एअर डेक’ म्हणजे हवेचाच तळ, भरपूर दाब दिला की पाटासारखा टणक होतो. पावणेतीन मीटरची एअर डेक बोट साधारण २५ ते ३० किलो भरते. दोघांना सहज उचलते.

• रिब : खाली फायबर किंवा अ‍ॅल्युमिनियमचा कडक तळ आणि भोवती हवेच्या नळ्या. कडक बोटीची चाल आणि नळ्यांची स्थिरता, दोन्ही मिळतात. त्याच मापात वजन ४० ते ६० किलो, किंमतही चढी. समुद्रावर बचावासाठी आणि गस्तीसाठी याच घडणीच्या बोटी सर्रास दिसतात.

• पाण्यातलं खेळणं : पातळ प्लास्टिकचं, जलतरण तलावासाठी बनवलेलं. फोटोत हे वरच्या दुसऱ्या प्रकारासारखंच दिसतं. ऑनलाइन सेलमध्ये ‘बोट’ म्हणून बहुतेक वेळा हेच विकलं जातं. स्क्रीनशॉटमधली बोट हीच होती.

आणि एक, डिंगी म्हणजे लाइफ राफ्ट नव्हे. लाइफ राफ्ट दोरी ओढली की आपोआप फुगतो, त्याला छत असतं, आणि तो नौका बुडताना वापरतात. डिंगी रोजच्या कामाची. एकीवर दुसरीचं काम ढकलू नका.

सगळ्यात महत्त्वाचं : वजनाचा हिशेब

चांगल्या बोटीच्या मागच्या फळीवर एक छोटी पाटी असते. त्यावर चार आकडे बघा : जास्तीत जास्त माणसं, जास्तीत जास्त वजन, जास्तीत जास्त इंजिन, आणि हवेचा दाब. युरोपीय मानकाची बोट असेल तर सोबत ए, बी, सी किंवा डी असं एक अक्षरही असतं. डी म्हणजे आडोशाचं शांत पाणी, लाटा साधारण ३० सेंटीमीटरपर्यंत. बहुतेक डिंग्या सी किंवा डी मध्ये येतात.

आता गंमत बघा. ‘माणूस’ म्हणजे किती किलो? या मानकात मोठा माणूस ७५ किलोचा धरतात. म्हणजे चार माणसं झाली ३०० किलो. स्क्रीनशॉटमधल्या ‘४ सीटर’ची बारीक अक्षरं झूम करून वाचली तर एकूण क्षमता होती २२० किलो. भागाकार करा : माणशी ५५ किलो, तेही रिकाम्या हाताने. चार सीट खऱ्या, पण चार माणसांच्या नव्हेत.

क्षमता येते कुठून? मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. समजा एका डिंगीच्या नळीचा व्यास ४० सेंटीमीटर आहे आणि सगळी नळी मिळून लांबी ७ मीटर. घनफळ येतं सुमारे ०.८८ घनमीटर, म्हणजे ८८० लिटर. एक लिटर पाणी एक किलो. म्हणजे नळ्या पूर्ण बुडेपर्यंत ही बोट ८८० किलो पेलेल. मग अशा बोटीच्या पाटीवर साडेचारशेच्या आसपास आकडा का असतो? दोन कारणं. एक, नळ्या निम्म्या तरी पाण्यावर हव्यात, नाहीतर पहिल्याच लाटेत पाणी आत. दोन, नळीत तीन वेगळे कप्पे असतील आणि एक फुटला, तर एक तृतीयांश हवा गेली, उरले ५८५ किलो. बोटीचं स्वतःचं ३० आणि वरचं ४५० असं ४८० किलो तरीही तरंगतं, जेमतेम का होईना. पाटीवरचा आकडा हा असा वाईट दिवसाचा हिशेब करून लिहिलेला असतो. त्यात ‘अजून एक बसेल’ला जागा नसते.

आता हाच हिशेब गंगथडीवर आणा. पुरात माणूस एकटा निघत नाही. गव्हाचं पोतं, ५० किलो. शेळी, तीसेक किलो. भिजलेली गोधडी, कागदपत्रांची पेटी, म्हातारी आई. चार माणसांचे ३०० किलो बघता बघता ४५० होतात. इंजिन आणि पेट्रोल त्या आकड्यात धरलंय की नाही, हे माहितीपुस्तिकेत बघा. शंका असेल तर वजा करा.

हे सगळं का सांगतोय? ८ ऑगस्ट २०१९ आठवा. कृष्णेच्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. १७ जण गेले, त्यात बायका आणि लहान मुलंही होती. पाणी चढत असताना ‘तू थांब, पुढच्या फेरीला ये’ असं म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही, हे आपल्याला समजतं. म्हणूनच आकडा आधी ठरलेला हवा आणि तो बोटीवर मोठ्या अक्षरात रंगवलेला हवा. काठावर उभं राहून तो ठरवायला गेलं की माणूस भावनेने मोजतो.

कापड, कप्पे आणि हवेचा दाब

कापड : दोन मुख्य प्रकार. पीव्हीसी स्वस्त, पण कडक उन्हाने लवकर खराब होतं, साधारण पाच ते दहा वर्षं टिकतं. हायपालोन महाग, पण ऊन आणि पेट्रोल दोन्ही जास्त सोसतं, दहा-पंधरा वर्षं सहज. आपल्याकडचा एप्रिल-मे आठवा आणि मग ठरवा. पीव्हीसी घेतली तर सावलीत ठेवणं आणि वर ताडपत्री किंवा कव्हर घालणं सक्तीचं समजा.

कप्पे : नळीत किमान तीन स्वतंत्र कप्पे हवेत. व्हॉल्व्ह मोजले की कळतं. एकच व्हॉल्व्ह, एकच कप्पा असेल तर एक बाभळीचा काटा म्हणजे खेळ खलास. आणि पुराच्या पाण्यात बाभळी असतातच, तारेचं कुंपणसुद्धा असतं.

दाब : नळ्यांना साधारण ०.२५ बार, म्हणजे साडेतीन पीएसआय. एअर डेकला ०.८ बारच्या आसपास. आपल्या मोटरसायकलच्या टायरमध्ये पंचवीस-तीस पीएसआय असते, त्यामुळे पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरने बोट फुगवायचा मोह टाळा. क्षणात शिवण जाईल. शिवाय ऊन लक्षात घ्या. सकाळी २५ अंशाला ०.२५ बार भरलेली बोट उन्हात ५० अंशाला तापली, तर दाब सुमारे ४० टक्क्यांनी वाढून ०.३५ पर्यंत जातो. उलट थंड पाण्यात टाकल्यावर बोट मऊ पडते. ती गळत नसते, हवा आकसलेली असते. थोडी हवा मारा.

वल्ही, पेट्रोल की इलेक्ट्रिक?

अडीच हॉर्सपॉवरचं छोटं चार-स्ट्रोक इंजिन १७-१८ किलो भरतं आणि दोन माणसांची डिंगी ताशी आठेक किलोमीटरने नेतं. दहा हॉर्सपॉवरचं साधारण ४० किलो. पाटीवर लिहिलंय त्यापेक्षा मोठं इंजिन कधीही लावू नका, बोट मागे बसते आणि पुढून उचलते.

आता इलेक्ट्रिक मोटरही आल्या आहेत. डिंगीवरच्या छोट्या मोटरला साधारण एक किलोवॉट-तासाची बॅटरी असते. तुमच्या ५००० एमएएचच्या मोबाइलमध्ये १९ वॉट-तास असतात. म्हणजे बावन्न मोबाइलएवढी बॅटरी. ऐकायला भारी वाटतं, पण पूर्ण वेगात ती तासाभरात संपते. बंदरात रोज काठावर जाणाऱ्या नौकावाल्याला छान. चार दिवस वीज गेलेल्या पूरग्रस्त गावात चार्ज कुठे करणार, हा वेगळा प्रश्न.

इंजिन कोणतंही असो, ‘किल कॉर्ड’ हवीच. ही चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची दोरी. तो पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं, नाहीतर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

आणि आता वाहत्या पाण्याचा हिशेब. काठावरच्या उंच, सुरक्षित जागी उभे राहा. दहा मीटर अंतराच्या दोन खुणा धरा आणि तेवढं अंतर जायला पाण्यावरच्या काडीकचऱ्याला किती वेळ लागतो, ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बघा. पाच सेकंद लागले तर वेग सेकंदाला दोन मीटर, म्हणजे ताशी ७.२ किलोमीटर. वल्ह्याने माणूस ताशी चारेक किलोमीटर जातो. तुम्ही जीव तोडून वल्हवाल आणि तरीही मागे जाल. अडीच हॉर्सपॉवरचं इंजिनही जागच्या जागी उभं राहिल्यासारखं होईल. शिवाय वेग दुप्पट झाला की पाण्याचा धक्का चौपट होतो.

पाणी सुटल्याचे मेसेज आपल्याकडे नांदूर मधमेश्वरचे येतात. एक लाख क्युसेक म्हणजे किती? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. उन्हाळ्यात आपल्या गावात येणारा टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर एक लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २८३ टँकर. आता त्यासमोर दोन प्लास्टिकची वल्ही ठेवून बघा.

लाइफ जॅकेट : यावर न्यूटन लिहिलेले असतात

५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, काठाजवळ, शांत पाण्यात. १०० न्यूटनचं आडोशाच्या पाण्यासाठी. १५० न्यूटनचं खुल्या समुद्रासाठी. दहा न्यूटन म्हणजे अंदाजे एक किलोची उचल. मुलांना मोठ्यांचं जॅकेट घालू नका, ते वरून निसटतं. आणि जॅकेट बोटीत ठेवायची वस्तू नाही, बोटीत पाय ठेवायच्या आधी अंगात घालायची आहे.

मग मंडळाने काय केलं?

मी त्यांना तीन मुद्दे लिहून पाठवले. एक, स्क्रीनशॉटमधली बोट खेळणं आहे, ती पुरात नेऊ नका. दोन, खरी बोट घ्यायची तर ती, इंजिन, जॅकेटं आणि वर्षातून चार वेळा सराव, असं सगळं मिळून घ्या. तीन, इंजिनची बोट म्हणजे नोंदणी आणि परवानगी आली, तेव्हा आधी तहसील कार्यालयात विचारा.

ग्रुपवर जरा शांतता झाली. मग एकाने लिहिलं, “म्हणजे काहीच करायचं नाही का?” हा प्रश्न मला आवडला. कारण करण्यासारखं बरंच आहे. त्यांनी त्या पैशांत जॅकेटं आणि जाड दोर घेतला. काठावरच्या घरांची यादी केली : कुठे म्हातारी माणसं आहेत, कुठे बाळंतीण आहे, कुणाकडे किती जनावरं आहेत. पाणी सुटल्याचा मेसेज आला की आधी ही घरं हलवायची. बोट लागायच्या आधीच माणूस वर आला, तर ती सगळ्यात स्वस्त डिंगी.

तुमच्या मोबाइलचं काम

• बोट ऑनलाइन बघताना मागच्या फळीवरच्या पाटीचा फोटो मागा. फोटो नाही तर बोट नाही.

• पानाच्या तळाची बारीक अक्षरं वाचा. ‘जीवरक्षक साधन नाही’ असं लिहिलं असेल तर विकणाऱ्याने खरं सांगितलंय, ते ऐका.

• गावाचा नकाशा ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. पुरात टॉवर आधी जातात.

• मदत मागताना ‘शाळेजवळ’ एवढ्यावर थांबू नका. लाइव्ह लोकेशन पाठवा, नेट नसेल तर अक्षांश-रेखांश साध्या एसएमएसने पाठवा. सोबत माणसं किती, चालता न येणारी किती, हेही लिहा. येणारी बोट किती मोठी हवी, ते त्यावरून ठरतं.

• ११२ हा आपत्कालीन नंबर आणि १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर, दोन्ही आज सेव्ह करा.

• फोन पारदर्शक वॉटरप्रूफ पिशवीत, गळ्यात. पॉवर बँक भरलेली.

थोडक्यात, मोबाइलमध्ये चूक झाली तर सात दिवसांत रिटर्न करता येतो. बोटीला पाण्याच्या मध्यावर रिटर्न पॉलिसी नसते. म्हणून आधी माणसं आणि वजन मोजा, मग पाण्याचा वेग, मग कप्पे आणि पाटी. किंमत सगळ्यात शेवटी.

गंगेकाठी तुमचं कुणी राहत असेल तर हा लेख त्यांच्या ग्रुपवर नक्की टाका. पुढच्या वेळी ‘४ सीटर’चा स्क्रीनशॉट आला की निदान एकजण तरी झूम करून बघेल.